बावीस सारखी उत्तरं

वर्गातली मुलं तिला 'जमादारीण' म्हणत, तेही तोंडावर, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. बायकांच्या तुरुंगात ती एकवीस वर्षं रक्षक होती. सेहेचाळिसाव्या वर्षी गुन्हेगारीशास्त्राच्या एम. ए.ला बसली ती एकाच कारणासाठी. सुटून आलेल्या बायकांना मार्गी लावणाऱ्या अधिकाऱ्याची जागा निघाली होती. त्यासाठी ही पदवी हवी होती, आणि वयाची अट पाहता तिचं हे शेवटचंच वर्ष. हुकलं, की निवृत्तीपर्यंत कमरेला किल्ल्या.

त्या काळी प्रबंध हातानं लिहून मग टंकलेखकाकडे न्यावा लागे. प्रश्नावलीच्या प्रती कार्बन लावून काढायच्या. बोटांवरची निळाई आठवडाभर जात नसे. तिचा विषय होता, शिक्षा भोगताना सर्वांत जड काय जातं. तुरुंगात शिरायच्या परवानगीसाठी बाकीची मुलं महिनोन्‌महिने खेटे घालत होती. हिनं चार दिवसांत बावीस जणींना विचारून काम उरकलं.

ते कागद लेक सुवाच्य अक्षरात उतरवत होती. दहाबारा झाल्यावर तिनं लेखणी खाली ठेवली.

"आई, ही बावीस उत्तरं आहेत, की एकच बावीसदा?"

सगळ्यांनी सांगितलं होतं, घरची आठवण येते, बाकी ठीक आहे, तक्रार नाही. विचारलंस कधी, उभी कुठे होतीस, असं लेकीनं खोदून विचारलं. संध्याकाळच्या मोजणीनंतर, ओळ मोडायच्या आधी, एकेकीला पुढे बोलावून. आणि उभी नेहमीच्याच जागी, दाराशी.

"म्हणजे तू मुलाखत नाही घेतलीस. हजेरी घेतलीस."

तिला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. मार्गदर्शक सरांनीही जरा गोड शब्दांत तेच सांगितलं. या बायका रक्षकाला जे सांगतात ते तुम्ही आणलंत. खरं बोलणारी एक जरी मिळाली तरी चालेल, नाहीतर प्रबंध देऊ नका. हातात तीन आठवडे होते.

तिनं रजा काढली आणि भेटीच्या दिवशी साध्या कपड्यांत बाहेरच्या रांगेत उभी राहिली. फाटकावरच्या सोबतिणीनं टोमणा मारलाच, "काय बाई, आत कोण आहे तुमचं?" जाळीच्या या बाजूच्या स्टुलावर ती आयुष्यात पहिल्यांदा बसली. पलीकडे आली ती शिवणखात्यातली म्हातारी. तिला सगळे शिवणवाली म्हणत. शिवणवालीनं आधी हिच्या कमरेकडे पाहिलं. मग बसली.

"माझी आई गेल्याचं पत्र आलं होतं. नऊ दिवस तुमच्या टेबलावर पडून होतं," ती म्हणाली. "त्या नऊ दिवसांत मी तिला पत्र लिहिलं, गुडघा कसा आहे म्हणून. तेही तुम्हीच वाचलंत, शिक्का मारलात. सर्वांत जड ते गेलं. लिहा."

तिनं लिहून घेतलं. घरी जाताना वाटभर आठवून पाहिलं. कुठल्या खोलीत कोण घोरायची, कोणाचा क्रमांक काय, हे सगळं तिच्या जिभेवर असे. रोज चाळीसेक पत्रं हाताखालून जात. हे पत्र काही केल्या आठवेना.

उत्तर गाळलं तर प्रबंधात काही उरत नव्हतं. रक्षक म्हणून आपलं नाव घातलं तर खात्याची चौकशी लागणार, आणि चौकशी चालू असलेल्या बाईला नवी जागा कोण देणार? तिनं लिहिलं, 'एक रक्षक'.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक निवृत्त न्यायाधीश बाई आल्या होत्या. त्या नेमक्या त्याच पानावर थांबल्या.

"कैद्याची बाजू कळली. त्या रक्षकाला विचारलंत?"

सर खिडकीबाहेर बघू लागले.

"विचारलं. तिला आठवत नाही."

"खोटं बोलत असेल."

"नाही. खरंच आठवत नाही तिला. बरंच आठवून पाहिलं तिनं."

बाईंनी चष्मा काढून हिच्याकडे पाहिलं.

"एवढ्या सगळ्या पानांपेक्षा मला 'आठवत नाही' हे वाक्य महत्त्वाचं वाटतं, आणि तेच यात नाही," त्या म्हणाल्या. "कोणाचं आहे ते माहीत नसेल, तर मात्र त्याला किंमत नाही. ठरवा तुम्ही."

तिनं सरांकडे पेन मागितलं. पानाच्या समासात ते वाक्य लिहिलं, आणि त्याखाली आपलं नाव, हुद्दा, नोकरीचा क्रमांक. शाई वाळेपर्यंत तिनं पान मिटलं नाही.