दाराजवळचे बाक

"पाणी बंद करायचं नाही, तेलेसिआबाई. बंद करायचाच तर कोको बंद करा. त्याने सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही, पण दोन आठवडे करून बघा."

नर्सबाईंचा हा आवाज कानात असतानाच तेलेसिआने सुनेच्या हातून कोकोचा कप घेतला. बिया भाजून, उखळात कुटून, उकळलेला दाट काळा कोको. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता.

त्यांच्या बेटावर संध्याकाळी प्रार्थनेचा शंख वाजला की ती संपेपर्यंत गावात कोणी हलत नसे, आणि संडास अंगणापलीकडे होता. हल्ली शंख ऐकूनच तिच्या ओटीपोटात कळ येई. म्हणून तिने आपल्यापुरता उपाय शोधला होता: पाणी बंद. कोको मात्र बंद करता येईना. घरात पहिला कप सासूचा; तो नाकारायचा म्हणजे सुनेच्या हाताला नावे ठेवणे.

गेल्या रविवारी चर्चमध्ये स्तोत्र अर्ध्यावर असताना तिला पहिल्या बाकावरून उठावे लागले होते. पांढऱ्या टोप्यांच्या रांगा मान न वळवता पाहत होत्या. दाराशी पोचेपर्यंत व्हायचे ते झाले. सोमवारी तिने गायनप्रमुखांना निरोप धाडला, गळा बसलाय, आता जमायचं नाही. चाळीस वर्षे गायलेली बाई.

"आई," सून फुआ समोर मांडी घालून बसली, "गळा बसलेली माणसं तारोचे कंद सोलताना गात नाहीत."

"गुणगुणत होते."

"आणि झगा तुम्ही रविवारी दुपारीच धुतलात. रविवारी आपल्याकडे कोण कपडे धुतं?"

तेलेसिआने कप चटईवर ठेवला. बराच वेळ ती चटईची कड सारखी करत राहिली.

"नर्सबाई म्हणते, पाणी कमी पडलं की लघवी दाट होते, आणि ती आत टोचत राहते. कोकोनंही काहींना घाई लागते."

"मग सांगायचं ना मला!"

"तू एवढी कुटतेस..."

"अहो, मी तुमच्यासाठी कुटते! खांदे भरून येतात माझे." फुआ हसू लागली, आणि हसताहसता एकदम गुडघे आवळून गप्प झाली. मग आवाज उतरवून म्हणाली, "बघितलंत? धाकट्याच्या बाळंतपणापासून माझंही असंच आहे. हसले तरी, शिंकले तरी. मी दाराजवळच्या बाकावर का बसते असं वाटलं तुम्हाला?"

"मला वाटायचं, तुला सूर सापडत नाही."

"वाटणारच! सासू ना तुम्ही." फुआने कप आपल्याकडे ओढला. "त्या बाकावर आणखी कोण कोण असतं, आठवा."

तेलेसिआ आठवू लागली. वाइमोआना. शाळेतल्या लितिआबाई. "गायनप्रमुखांची बहीणसुद्धा?"

"तीच तर मला जागा धरून ठेवते."

तेलेसिआला हसावे की डोळे पुसावे ते कळेना. तिने दोन्ही केले.

"रविवारी माझ्या शेजारी गायचं. शब्द द्या."

"पहिलं बाक माझं आहे, पोरी. तुझ्या नवऱ्याच्या जन्माआधीपासून."

"शब्द द्या."

"दिला."

त्या दिवसापासून ती सकाळपासून थोडे थोडे पाणी पिऊ लागली. जेवणात अळूसारखी तारोची पाने, पिकलेली पपई आली. पोट साफ राहिलं तर खालचा भार हलका होतो, असेही नर्सबाई म्हणाल्या होत्या. कळ गेली नव्हती. पण शंख वाजल्यावर ती जरा उशिराने येऊ लागली होती.

रविवारी पहिली घंटा झाली तेव्हा फुआ लेकीच्या वेण्या घालत होती. तेलेसिआने उभ्यानेच अर्धा पेला पाणी घेतले, टोपी नीट केली, आणि कोणाला हाक न मारता, दाराजवळच्या बाकावर दोघींची जागा धरायला, पायरी उतरून उन्हातून सावकाश चालू लागली.