बाजूच्या खोलीतला नागपूरचा डॉक्टर

सालेकशाकडच्या जंगलपट्टीतली काही आरोग्य केंद्रं नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांशी जोडून द्यायचं काम २०११ च्या उन्हाळ्यात एका कंपनीला मिळालं होतं. राजदीप हा त्या कंपनीचा गोंदियातला माणूस. छपरावर डिशची छत्री बसवायची, खाली यंत्रं जोडायची आणि गोंदियाच्या सर्व्हरवर कुठल्या नावाला कुठल्या यंत्राचा पत्ता ते भरायचं, हे त्याचं काम. मग केंद्रात कुणी ‘तज्ज्ञ’ या बटणावर बोट ठेवलं, की पडद्यावर थेट नागपूर यायला हवं होतं.

पहिल्या केंद्राच्या उद्घाटनाच्या दिवशी सकाळी त्याने बटण दाबलं. नागपूर लागलं, अगदी स्वच्छ लागलं. पडद्यावर एक रिकामी खुर्ची दिसत होती. मंडप भरत आला तरी ती रिकामीच.

“तिकडे डॉक्टरच नेमला नाही,” त्याने दुलीचंदला सांगितलं. दुलीचंद कंपनीचा सुपरवायझर. “आपली लाइन बरोबर आहे साहेब, माणूसच नाही.”

दुलीचंदने तंबाखू-सुपारीचा खर्रा या गालातून त्या गालात सरकवला आणि यंत्रांच्या नव्याकोऱ्या रॅकच्या पायाशी पिचकारी मारली. “मालूम है यार. बाजूच्या खोलीत चंद्रशेखरला बसव. ‘तज्ज्ञ’पुढचा पत्ता खोड अन् त्याच्या लॅपटॉपचा टाक.”

“हे तर खोटं झालं.”

“फीत कापली, फोटो निघाला, खतम. पेशंटबी आपलाच आहे. तू काऊन लोड घेऊन राहिला?”

राजदीपने पत्ता बदलला. एका ओळीचं काम होतं. पण गटारात कोपरापर्यंत हात घातल्यासारखं वाटून त्याने नळाखाली दोनदा हात धुतले. रॅकच्या पायावरून लाल ओघळ फरशीवर उतरला होता. तो त्याने पुसला नाही.

चंद्रशेखर त्याच्याच वर्गातला, त्याच्याच सोबत वायरी ओढणारा. केंद्राच्या डॉक्टर रंजिता मॅडमचा पांढरा कोट अंगात घालून तो निळ्या चादरीसमोर बसला होता. पोटऱ्यांपर्यंत दुमडलेली पँट टेबलाखाली झाकली होती. “कसा दिसून राहिलो बे? डॉक्टर वाटतो का नाही?”

पाहुणे आले, हार झाले. ठरवलेला पेशंट खोकला, पडद्यावरच्या डॉक्टरने त्याला सिरप सांगितलं, टाळ्या पडल्या.

तेवढ्यात रांगेतून एक म्हातारी उठली. मंगली, जंगलातल्या पाड्यावरची, तेंदूपानं तोडून पोट भरणारी. कुणी अडवायच्या आत ती पडद्यासमोरच्या खुर्चीत बसली आणि तिने हात जोडले.

“डॉक्टरसाहेब, मी घरी कोणालेच सांगितली नाही जी. छातीत गाठ आहे. आता ते फुटून राहिली. वास सुटते म्हणून सून ताट दुरूनच सरकवते. मी वाचीन का जी?”

पहिल्या रांगेत एकाने नाकाला रुमाल लावला. पडद्यावर चंद्रशेखरची नजर क्षणभर भिरभिरली. मग तो हसरा चेहरा करून म्हणाला, “घाबरू नका आजी. काही नाही ते. मॅडम गोळ्या देतील.”

पुन्हा टाळ्या. मंगली रडायला लागली. पडद्याखालच्या टेबलाला हात लावून तिने तो कपाळाला टेकवला.

ते पाहून राजदीप उठला आणि त्याने बाजूच्या खोलीचं दार सताड उघडलं.

“मावशी, इकडे बघा. हा नागपूरचा नाही, डॉक्टरही नाही. माझ्यासोबत वायरी ओढतो.”

कोट, निळी चादर, पुढ्यात अर्धा खाल्लेला समोसा, सगळं सगळ्यांना दिसलं.

आता गोंधळ उठेल, असं राजदीपला वाटलं. काहीच उठलं नाही. मुख्य पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. “झालं ना? जेवण कुठं आहे?” फोटोवाला म्हणाला, “सर, त्या बाईसोबत एक घेऊ?” सगळ्यांनाच ठाऊक होतं. एवढ्या मोठ्या मंडपात फसली होती ती फक्त मंगली. लोक पुरी-भाजीच्या वासामागे निघून गेले.

“उद्यापासून येऊ नको,” दुलीचंद जाता जाता म्हणाला.

चंद्रशेखर कोट काढत होता. “मी काय म्हणणार होतो बे तिले?”

“तोंड बंद ठेवता आलं असतं.”

“अन् तू पत्ता बदलला नसता तर मी बसलो असतो का इथं?”

राजदीपने निळी चादर ओढून काढली.

रंजिता मॅडमने मंगलीला कापडी आडोशामागे नेऊन तपासलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. “आधी का नाही आलात?”

“आली होती ना जी. इथल्या नर्स पोरीपाशी सांगितली. टीव्हीतला डॉक्टर सुरू होईन तवा ये म्हणे ते.”

मॅडमने गोंदियाच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहिली. राजदीपला त्यांची दया आली नाही. कोट त्यांचाच होता.

दुपारच्या पॅसेंजरने तो मंगलीला घेऊन निघाला. डब्यात शेजारचे लोक एकेक करून उठून गेले. वास होताच. राजदीपलाही उमासे येत होते आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

“ओकारी येते का बाबू?” मंगलीने विचारलं.

“येते मावशी. पण तुमची नाही, माझीच.”

तिने तोंड बाहेरच्या सागांकडे वळवलं. “गोंदियाचा तरी खरा राहीन ना?”

“मी आधी हात लावून पाहतो.”

गोंदियाच्या डॉक्टरने तिला समोर बसवलं, तपासलं आणि तिच्या तोंडावर सांगितलं, उशीर झालाय, नागपूरला न्या, वेदना कमी करता येतील, बरं होणं कठीण आहे. राजदीपने मान खाली घातली. मंगलीने मात्र शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि पदर सारखा करत उठली.

बाहेर पायरीवर ती म्हणाली, “हा खरा बोलला. चाल बाबू, चहा पाज.”