उजवा हात

सरांनी मनोगतातलं शेवटचं वाक्य तिसऱ्यांदा खोडलं आणि कीबोर्ड मुलीपुढे सरकवला.

"आता पाठव."

मुलीने तेच वाक्य पुन्हा टाइप केलं : 'या चित्रातला उजवा हात मी काढलेला नाही, आमच्या सरांनी काढला आहे.'

कला महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी पाचच्या आत दहा चित्रांचे फोटो आणि प्रत्येकाखाली चार ओळींचं मनोगत, असा पोर्टफोलिओ संगणकावरून पाठवायचा होता. नऊ चित्रं चढली होती. दहावं, कोळशाने काढलेलं तिच्या आईचं चित्र, अडून बसलं होतं.

"अक्कल चरायला गेलीय का तुझी? हे वाचलं की दारातूनच परत पाठवतील तुला."

"पाठवू देत."

"आणि मला काय म्हणतील? बावीस वर्षं पोरांचे कागद सुधारतोय मी. एकानेही तक्रार केली नाही."

"त्यांना विचारलं होतंत?"

सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी मूळ कागद काढून टेबलावर आपटला.

"मधलं बोट कसं काढलं होतंस, आठवतंय? मोडक्या फांदीसारखं! इतक्या चांगल्या चेहऱ्याखाली तसला हात? उपकार केले, तर वर तोंड करून—"

"ते तसंच आहे."

"काय?"

"आईचं बोट. खोक्यांच्या कारखान्यात यंत्रात सापडलं होतं, तेव्हापासून वाकडंच आहे. तीन संध्याकाळी मी तेवढंच काढत होते. तुम्ही दोन मिनिटांत सरळ केलंत."

सर कागदाकडे बघत राहिले. प्रत्येक पेर जिथल्या तिथे होतं. दरवर्षी जूनमध्ये फळ्यावर काढून दाखवत तसा हात. कुणाचाही असू शकला असता. त्यांनी त्यावर अंगठा घासून पाहिला.

"निघत नाही," मुलगी म्हणाली. "वरून कोळसा पक्का करायचा स्प्रे मारलात ना तुम्ही."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, मध्ये तोंड घालू नकोस."

घड्याळात सव्वाचार झाले होते.

"आई कुठे आहे तुझी?"

"खाली फाटकाशी. तुमच्याशी भांडायलाच आलीय. मीच थांबवून ठेवलंय."

"वर बोलाव."

मुलीने जिन्यातच सगळं सांगितलं असावं; आई आली ती नमस्कार न करताच. "काय हो सर, माझ्या पोरीला खोटं लिहायला लावता?"

सर तोवर खिडकीशी खुर्ची ठेवून बोर्डाला कोरा कागद लावत होते.

"भांडण मागाहून करा. आधी बसा."

"मी कशाला बसू?"

"बस गं आई," मुलगी म्हणाली. तिने कोळसा उचलला होता.

आई बसली. उजवा हात तिने सवयीने पदराखाली घेतला, मग लेकीकडे बघून गुडघ्यावर ठेवला.

सर नेहमीसारखे मुलीच्या खांद्यामागे जाऊन उभे राहिले.

"सर," मागे न बघता ती म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा."

सर बाहेर गेले. दार ओढून घ्यावं की उघडं ठेवावं, त्यांना कळेना. शेवटी मुलीनेच येऊन ते लावून घेतलं.