नाव नसलेलं बाकडं

पुण्यात सार्वजनिक बाकडं दिसलं की आधी त्याची पाठ वाचायची असते. कोणाच्या स्मरणार्थ, कोणाच्या सौजन्याने, हे कळण्याआधीच जो बसतो तो बाहेरगावचा. त्यामुळे बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीमागच्या पायवाटेवर एका सोमवारी हिरवं लोखंडी बाकडं उगवलं आणि त्याच्या पाठीवर काहीच लिहिलेलं नव्हतं, तेव्हा सोसायटीत कोणाला चहा गोड लागला नाही.

ही पायवाट महापालिकेची. टेकडीच्या उतारावरून पलीकडच्या बागेकडे जाणारी. आम्ही तिच्यावर पाय ठेवत नसू. आम्ही स्कूटरवरून बागेपर्यंत जातो आणि तिथे चालतो. पायवाट वापरायचे ते सी विंगमधले सीताराम आणि कांताबाई सोनवणे. सीताराम खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. शुगरमुळे नजर अधू झालेली. रोज सकाळी ते बागेपलीकडच्या विहारात जातात. मोठ्या रस्त्याने जायचं तर तिथे फुटपाथ आहे, पण त्यावर दुचाक्या, वडापावची गाडी आणि विजेचा डबा राहतो. माणसाने खाली उतरून बसच्या कडेकडेने जायचं. सीतारामांना बस दिसते, पण अंगावर आल्यावर.

आणि नेमकी हीच वाट बंद करायचं आमचे चेअरमन हिंमतराव जगताप यांनी मनावर घेतलं होतं. कारण सुरक्षितता. म्हणजे त्यांची दुसरी गाडी, जिला जागा मिळत नव्हती. ‘वाट वापरात नाही, गवत माजलं आहे, फाटक लावू द्यावं,’ असा अर्ज त्यांनी केला होता. गुरुवारी महापालिकेचे साहेब पाहणीला येणार होते.

“वापरात नाही म्हणजे?” कांताबाईंनी मीटिंगमध्ये विचारलं होतं. त्यांचं आयुष्य सरकारी कचेरीत गेलं. “आम्ही काय उडत जातो?”

“वहिनी, दोन माणसांसाठी एवढी वाट ठेवायची का?”

“का? एका गाडीसाठी मागताच की.”

तर असं सगळं चालू असताना बाकडं आलं.

“बिल्डरचं काम,” हिंमतराव म्हणाले. “आज बाकडं, उद्या बारा मजले.”

हिंमतरावांचे विरोधक म्हणाले, “यांचंच काम. आज बाकडं, उद्या त्याला टेकून गाडी.”

तिसऱ्या मजल्यावरची दीपाली हडपसरला आयटीत आहे. ती म्हणाली, “काका, नाव नाही म्हणजे डेफिनेटली स्कॅम आहे. फुकट कोण देतं?”

प्रश्न रास्त होता. म्हणून लोक बाकडं बघायला जाऊ लागले. नाव खालच्या बाजूला असेल म्हणून काहींनी वाकून पाहिलं. मीही पाहिलं. काही जण मजबुती तपासायला बसले. काही जण कोण बसतंय हे बघायला उभे राहिले. सकाळी जाऊन आलेले संध्याकाळी परत, कारण मधल्या वेळात काही झालं असेल तर? गवताला डोकं वर काढायला सवड मिळेना. या गर्दीतून सीताराम काठी टेकत विहारात जात, आणि लोक संशयाने बाजूला होत.

गुरुवारी साहेब आले. बाकड्यावर तीन माणसं एकमेकांशी न बोलता बसली होती. मागे आणखी बरीच. दीपाली व्हिडिओ काढत होती.

“तुम्ही इथे रोज येता?” साहेबांनी तिला विचारलं.

“डेली, सर. नजर ठेवायला.”

“आणि आपण?”

“हिच्यावर नजर ठेवायला,” शेजारचे गृहस्थ म्हणाले.

“साहेब, ही माणसं आत्ता आत्ता यायला लागलीत,” हिंमतराव घाईने म्हणाले. “मी स्वतः रोज दोनदा येऊन बघतो ना!”

“म्हणजे आपणही रोज येता,” साहेब म्हणाले आणि चपटं गवत बघून निघून गेले. फाटकाची परवानगी मिळाली नाही.

हिंमतरावांनी पराभव मोठ्या मनाने घेतला. दोनच दिवसांत बाकड्याच्या पाठीवर पांढऱ्या रंगात अक्षरं आली: ‘सौजन्य: हिंमतराव जगताप, चेअरमन.’

सोसायटीने निःश्वास टाकला. “तरीच!” म्हणत सगळे आपापल्या स्कूटरकडे परतले. पंधरवड्यात गवत गुडघ्याला आलं. हिंमतराव पुन्हा अर्ज करणार असं कानावर आलं.

मग एका सकाळी बाकड्यावरचं नाव गेलं. त्या जागी ताजा हिरवा रंग. नाश्त्याच्या आत सगळी सोसायटी पायवाटेवर हजर.

मी पोचलो तेव्हा कांताबाई बाकड्याशेजारी उभ्या होत्या. त्यांच्या अंगठ्याच्या नखात हिरवा रंग होता. मी नखाकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे.

“बाकडं पण तुमचंच?” मी हळूच विचारलं.

“भाच्याचा टेम्पो आहे.”

“मग आपलं नाव का नाही घातलंत?”

“घातलं असतं, तर तुम्ही आला असतात?”

एवढ्यात विहाराकडून सीताराम परत येताना दिसले. काठीने चाचपत, तुडवलेल्या गवतावरून, अगदी सावकाश.

मागून हिंमतराव ओरडत आले, “कोणी पुसलं माझं नाव? जगतापांना ओळखत नाही अजून!” आणि त्वेषाने बाकड्यावर बसले.

“अहो, रंग ओला आहे,” कांताबाई म्हणाल्या. जरा उशिरानेच.