धुतलेल्या जुड्या

"ही गाठ माझी आहे," मी म्हणाले.

टोपलीतल्या जुडीला मी हातही लावला नव्हता. नुसती बघूनच ओळखली. मिर्तोच्या, आमच्या उताऱ्याच्या झाडाच्या, सहा डहाळ्या, लाल दोऱ्याचे दोन वेढे आणि डाव्या हाताची गाठ. आईनं शिकवलेली. मी या हॉटेलात पाहुण्यांचे उतारे करते; काल याच जुडीनं मी मेक्सिको शहराहून आलेल्या एका बाईची भीती उतरवली होती. पोटातलं मूल गेलेली बाई. जुडी अंगावरून फिरवताना पानं माझ्या डोळ्यांदेखत काळवंडली. असा उतारा वाहत्या पाण्यात सोडायचा, त्याला परत कुणी शिवायचं नाही, हे आमच्या डोंगरात शेंबडं पोरही जाणतं. पण हॉटेलवाले म्हणाले होते, "तुम्ही कशाला पाय दुखवता? आमचा माणूस सोडेल ओढ्यात." आणि मी मेली ऐकत राहिले.

काळी पानं खुडून तीच जुडी आज टोपलीत सजली होती.

फाउस्तो, तिथला मॅनेजर, अत्तराचा घमघमाट घेऊन आला. "दोमितिलाबाई, धुऊन घेतल्यात हो! बर्फाच्या पाण्यात. कशा टवटवीत झाल्यात बघा. पाहुण्यांना काय कळतंय?"

"मला कळतंय."

"अहो, आठवड्याला चाळीस जुड्या लागतात. तुमच्या झाडावर तरी आता काय उरलंय? आणि आम्ही काही वाया घालवत नाही. खुडलेली पानं चहात जातात. अननसासारखा वास येतो, लोक मागून मागून पितात."

"दुसऱ्याचा उतारा उकळून पाजतोस, मेल्या? धुतं कोण हे?"

"तुमचीच हासिंता."

हासिंता माझी धर्मकन्या, हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला; मला माद्रीना म्हणते. बाप्तिस्म्याला चर्चमध्ये तिला मीच हातात धरलं होतं. तीन आठवडे पोरीला झोप नव्हती, हातातला चमचा थरथरायचा, चार माणसांत बसली तरी दचकायची. आणि मी शहाणी तिला सांगत होते, रक्त कमी आहे, बीट खा.

स्वयंपाकघराच्या मोरीत ती उभी होती. हात कोपरापर्यंत पाण्यात, समोर माझ्या जुड्या.

"अगं, मला बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हीच पाठवताय, माद्रीना. गाठ तुमची होती ना."

हॉटेलनं मला एक पिसं लावलेला झगा दिला होता, जगातल्या कुठल्याही गावात कुणी घालत नाही असला. तो काढून मोरीत टाकला आणि हासिंताचा हात धरला.

"अहो, दोन वाजता जर्मन जोडपं येतंय!" फाउस्तो मागून ओरडला.

"तूच झाड त्यांना. केरसुणीनं."

घरी आले आणि मिर्तोच्या झाडाकडे बघायचीच लाज वाटली. आईनं एका काडीपासून वाढवलेलं. दरवर्षी कुंपणाच्या वर जायचं, लाल फुलांवर भुणभुणारे इवलेसे पक्षी दिवसभर हटायचे नाहीत. आता नुसत्या काटक्या. फाउस्तोला शिव्या द्यायला मला तोंड होतं, पण कात्री माझी होती. शी! हॉटेलच्या फाटकाशी शोभेला लावलेलं मिर्तो भरगच्च होतं, पण त्यावर दर सोमवारी विषारी औषध मारतात. ते पोरीच्या अंगावर कसं फिरवायचं?

बुंध्याजवळ, भिंतीच्या बाजूला, एक कोंब सापडला. चार पानं. झाड जगणार होतं तर त्यावरच. तरी मी कापला.

हासिंताला अंगणात उभं केलं. तोंडातल्या दारूची फुंकर तिच्यावर मारली आणि तो कोंब डोक्यापासून पायापर्यंत फिरवत तिच्या भेदरून पळालेल्या जिवाला हाक दिली, "हासिंता, घरी ये!"

दुसऱ्यांदा हाक दिली. दात वाजत होते तिचे.

"हासिंता, ये गं, घरी ये!"

"आले," ती म्हणाली. मग मटकन खाली बसली आणि रडायला लागली.

तिला आत निजवलं. कोंब घेऊन मी स्वतः ओढ्यावर गेले, पाण्यात सोडला. तो दगडाला अडकला, सुटला, पुढे गेला. दिसेनासा होईपर्यंत मी काठावरून उठले नाही.