तालमीतली पेशंट

“मला त्यातलं ओ की ठो कळत नाही गं, मी आपली पडून असते,” असं ताई म्हणाली होती, आणि धाकटी पोट धरून हसली होती.

हसण्यासारखंच होतं ते. ताई सरकारी इस्पितळात सिस्टर. नवा विषाणू तेव्हा अजून दूरदेशी होता, पण बातम्यांमधून रोज थोडा थोडा जवळ सरकत होता, आणि चार माणसं जमली की दुसरा विषय निघत नव्हता. आपल्याकडे आला तर खाटा पुरतील का? ऑक्सिजन आहे का? ओरड वाढली तसा वरून हुकूम सुटला, की प्रत्येक इस्पितळानं रंगीत तालीम करावी. पेशंट खोटा, धावपळ खरी. त्याला गाडीतून उतरवायचं, डोक्यापासून पायापर्यंत झाकणारे झगे चढवून वेगळ्या वॉर्डात न्यायचं, तपासायचं. आणि शेवटी सगळ्यात किचकट काम, म्हणजे तो झगा बाहेरच्या बाजूला हात न लावता अंगावरून उतरवायचा.

आता खोटा पेशंट म्हणून निजवायचं कुणाला? मेट्रनबाईंची नजर वॉर्डभर फिरली आणि ताईवर येऊन थांबली. ताई अंगानं काडी, उचलायला सोपी. पहिल्याच तालमीत ती अशी झकास कण्हली, की नवशिक्या डॉक्टरनं घाबरून खरंच तिची नाडी धरली. मग काय, ते काम कायमचं तिच्या गळ्यात पडलं.

हे सगळं ती धाकटीच्या घरी बसून सांगत होती. मांडीवर ठमी, धाकटीची वर्षाची लेक. ठमीची नखं कापायची म्हटलं की धाकटीचे हात लटपटायचे, म्हणून ते काम मावशीकडे.

“म्हणजे तुम्ही नाटक करता,” धाकटी म्हणाली.

“नाटकच. मरते मी आणि शाबासकी बाकीच्यांना.”

“पण तो झगा उतरवायचा कसा, ते शिकवतात ना?”

“शिकवतात की. तेव्हा मी स्ट्रेचरवर असते, छताकडे बघत. छताचे पोपडे कुठे कुठे उडालेत ते विचार, बिनचूक सांगते.” नख कापता कापता ताई थांबली. “चेष्टा नाही गं. हजेरी प्रत्येक तालमीला लागते माझी, पण तो झगा मी एकदासुद्धा अंगात घातलेला नाही.”

“मग सांग ना मेट्रनबाईंना.”

“सांगितलं. म्हणाल्या, तुझ्याइतक्या तालमी केल्यात कुणी?”

यावर धाकटी जी हसली, ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “जाऊ दे गं. इतकी वर्षं इंजेक्शनं टोचतेस, एक झगा काय जड आहे तुला? उगाच बाऊ करतेस.”

“तुझं बरोबर आहे, प्रोफेसरीणबाई,” ताई म्हणाली, आणि तिनं ठमीचं दुसरं बोट धरलं.

धाकटी काही बेफिकीर बाई नव्हती. उलट तिच्या काळजीची घरात थट्टा व्हायची. दुधाच्या बाटलीच्या बुचात तिला जंतू दिसायचे. कॉलेजात शिकलेली, चार ठिकाणचं वाचणारी. विषाणू कुठल्या बंदरावर उतरला, कुठल्या विमानतळावर दिसला, सगळं तिला तोंडपाठ. घरात दोन थर्मामीटर होते, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र होतं. ताई आली की चहा ठेवण्याआधी तिचे प्रश्न सुरू व्हायचे. व्हेंटिलेटर चालू आहेत का? लहान मुलांची वेगळी सोय आहे का?

“तुझी ताई आत आहे म्हटल्यावर आपल्याला खाट मिळाल्यासारखीच आहे,” नवरा म्हणायचा. तो हे गमतीनं म्हणायचा, पण धाकटीला त्यात खरंच धीर वाटायचा. इतके प्रश्न विचारले तिनं. झगा उतरवायला शिकलीस का, हा एकच पुन्हा विचारला नाही.

मग तो विषाणू आला. आधी एका घरात, मग एका गल्लीत, मग कुठे नाही असं राहिलंच नाही. किराणा दुकानासमोर लोक लांब लांब उभे राहून एकमेकांवर ओरडत बोलायला लागले. “पूर्ण सज्ज आहोत म्हणतात टीव्हीवर.” “सज्ज कसले! माझ्या साडूला बाकावर झोपवलंय.” वेगळा वॉर्ड उघडला, आणि तिथे कुणाला पाठवायचं यावर फार खल करावा लागला नाही. सगळ्याच्या सगळ्या तालमी केलेली सिस्टर एकच होती.

“आता मी तुमच्याकडे येणार नाही,” ताईनं फोनवर सांगितलं. “ठमीला म्हणावं, मावशी मोठी नटी झालीय, दौऱ्यावर आहे.”

ताई एकटी राहायची. इस्पितळाच्या मागच्याच गल्लीत, एका शिंप्याच्या दुकानावर तिची खोली होती. जिना अरुंद, वर एक खिडकी. ड्युटी संपवून दुपारी ती खोलीवर आली की फोन करायची.

“खरे पेशंट फार जड असतात गं,” एकदा म्हणाली. “तालमीत मी आपली मीच स्ट्रेचरवर सरकून घ्यायचे. आमच्या लोकांना तीच सवय लागली. काल एका आजोबांना न्यायला गेलो, तर सगळे ‘सरका, सरका’ म्हणत उभे. आजोबा कुठले सरकतात!”

धाकटीला हसू आलं नाही. “ताई, झगा कसा काढतेस?”

“समोरचीचं बघून. ती काढते तसा. पण ती समोर असते ना, त्यामुळे डावं-उजवं उलटं होतं.”

“अगं, चेष्टा काय करतेस!”

“मग काय करू? उभं राहून शिकवायला वेळ कुणाला आहे? एक जण झगा काढायच्या आत दुसरी हाक येते.”

त्या दिवशी धाकटीनं शोधून शोधून झगा उतरवण्याचा एक व्हिडिओ पाठवला. आधी बाहेरचे हातमोजे, मग पाठीमागचे बंद, मग झगा आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत खाली. ठमीला पायांवर झोपवून तिनं तो स्वतः पुन्हा पुन्हा पाहिला, एका जुन्या रेनकोटावर करूनही पाहिला. बाटलीच्या बुचातही जंतू दिसणाऱ्या बाईला, मास्क बाहेरून न शिवता तोंडावरून काढायला किती डोकं लागतं ते तेव्हा कळलं. ताईचं उत्तर आलं, ‘बघते. आधी पाठ टेकते.’

पुढच्या आठवड्यात ताईचा आवाज बसला. “त्या मास्कमधून ओरडून ओरडून,” ती म्हणाली. मग म्हणाली, अंग जरा कणकणतंय. मग तपासणी झाली, आणि वॉर्डात आधीच बाकांवर माणसं असल्यानं तिला खोलीत पडून राहायला सांगितलं. काही वाटलं तर कळवा.

“मी येते,” धाकटी म्हणाली.

“आणि ठमीला कुणाच्या गळ्यात बांधतेस? गप घरी बस. वॉर्डातले आहेत की बघायला. पगारी पेशंट झालेय मी, ऐश चाललीय.”

धाकटीनं ऐकलं. इस्पितळ पाठीला पाठ लावून आहे, डॉक्टर हाकेच्या अंतरावर, सोबतच्या सिस्टर येऊन-जाऊन असतीलच. असं तिनं स्वतःला समजावलं. लेकीला उराशी धरून समजावलेली गोष्ट लवकर पटते.

रोज फोन व्हायचा. ‘कशी आहेस?’ ‘मस्त!’ एका दुपारी ठमीनं फोनच हिसकावला, तेव्हा ताईनं तिला मांजराचा आवाज काढून दाखवला. ठमी खिदळली. ताईनं पुन्हा काढला. तिसऱ्यांदा मात्र आवाज अर्ध्यावर तुटला आणि नुसता श्वास ऐकू येत राहिला.

“ताई?”

“मांजर दमलं गं आज,” ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं फोन उचलला नाही.

“झोपली असेल,” नवरा म्हणाला.

“सकाळीही झोपली होती?”

धाकटीनं इस्पितळात लावला. लागेना. लावत राहिली. शेवटी वॉर्डातल्या एका मुलीनं उचलला; मागे कुणीतरी खोकत होतं, कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं.

“सिस्टर? त्या तर तुमच्याकडे आहेत ना?” ती मुलगी म्हणाली. “बहिणीकडे जाते म्हणाल्या होत्या. आम्ही म्हटलं बरं झालं, कुणीतरी बघायला आहे.”

बहिणीला सांगितलं, वॉर्डातले आहेत. वॉर्डाला सांगितलं, बहीण आहे. दोन्हीकडच्या माणसांना मोकळं करून ती मधल्या मधे एकटी पडून राहिली होती.

ठमीला नवऱ्याच्या हातात देऊन ती निघाली. ठमीनं भोकाड पसरलं ते जिन्याच्या तळापर्यंत ऐकू येत होतं. ताईच्या खोलीखाली शिंपी दुकानाची फळी अर्धी उघडून मास्क शिवत बसला होता.

“वरच्या सिस्टर?” त्यानं मशीन थांबवलं. “नाही दिसल्या बुवा. ड्युटीवर असतील म्हटलं. त्यांना कुठली उसंत!”

दार नुसतं लोटलेलं होतं. ताई खाली फरशीवर बसली होती, खाटेच्या कडेला पाठ टेकून, एक चप्पल पायात, एक हातात. निघायचं ठरवलं असावं आणि तिथवरच जमलं असावं. ओठ निळसर झाले होते. धाकटीला बघून तिनं हात वर केला, तोंड झाकून घे म्हणून.

“बरी आहे मी,” ती म्हणाली. एकेक शब्द वेगळा, मध्ये दम घेऊन.

धाकटीनं आणलेलं यंत्र तिच्या बोटाला लावलं. त्यावरचा आकडा इतका खाली होता, की तिनं वाचलेल्या कुठल्याच लेखात तो नव्हता. खिडकीतून तिनं इस्पितळाच्या भिंतीकडे तोंड करून जी हाक मारली, ती ऐकून शिंपी मशीन सोडून उठला, धावत फाटकाशी गेला.

वॉर्डातले मामा आले, ताईच्या बरोबरीचे, स्ट्रेचर उचलण्यात जन्म गेलेले. सोबत ती फोनवरची मुलगी. जिना अरुंद, झगे फुगलेले, काचेआड डोळे घामानं भरलेले. स्ट्रेचर फरशीवर ठेवलं गेलं, आणि कुणी खांद्याखाली हात घालायच्या आत ताई कोपरावर जोर देऊन, इंच इंच करत, आपली आपणच त्यावर सरकली.

मामा तसेच वाकून राहिले. “सिस्टर,” त्यांचा आवाज मास्कच्या आत फुटला, “आजपण नाटकच ना हो?”

ताईनं डोळे मिटले आणि हलकंसं कण्हून दाखवलं. ते खरं होतं की त्यांच्यासाठी होतं, हे धाकटीला आजही ठरवता आलेलं नाही.

फाटकापुढे धाकटीला सोडलं नाही. आत ताईला खाट मिळाली. सहकाऱ्यांनी कुणाकुणाला हलवून मिळवली. ऑक्सिजनही मिळाला. ज्या ज्या गोष्टींसाठी लोक ओरडत होते त्या सगळ्या ताईला मिळाल्या, फक्त उशिरा. चार दिवस धाकटी फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसून राहायची, संध्याकाळी घरी जाऊन मोरीतच कपडे भिजवून अंघोळ करायची आणि मग ठमीला लांबूनच बघायची. पाचव्या दिवशी मेट्रनबाई स्वतः फाटकापर्यंत चालत आल्या. त्या येताना दिसल्या तेव्हाच धाकटी उठून उभी राहिली, आणि पुन्हा खाली बसली.

“तिला सगळं येतं, असंच धरून चालले गं मी,” मेट्रनबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मास्कच्या पट्ट्यांनी खोल वळ पडले होते. “प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर असायची ना. कधी मनातच आलं नाही की ती झोपलेली असायची.”

धाकटीला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण हेच ताईनं तिलाही सांगितलं होतं, तिच्याच घरात, तिच्याच लेकीला मांडीवर घेऊन. मेट्रनबाईंचा हात धरता येत नव्हता, तेवढं अंतर सोडून दोघी रडल्या.

टीव्हीवर सांगितलं, एका पूर्ण प्रशिक्षित परिचारिकेचं निधन. नवऱ्यानं उठून आवाज बंद केला.

ठमी अजून फोन वाजला की “म्याव” म्हणते आणि उत्तराची वाट बघते. कुणीतरी काढावा म्हणून नवऱ्यानं एकदा तो आवाज काढला. ठमीनं त्याच्याकडे बघितलं आणि फोन आईकडे नेऊन दिला.

दुकानासमोर लोक अजूनही विचारतात, खाटा किती, सिलिंडर किती. विचारायलाच हवं, धाकटीही विचारते. पण त्यानंतर ती आणखी एक गोष्ट सांगते, आणि ती तुम्हालाही सांगायला तिनं मला लावलं आहे. तुमच्या गल्लीत, तुमच्या जिन्यावर, नात्यात नाहीतर नुसत्या ओळखीत अशी एक बाई असेल, जिच्याबद्दल सगळ्यांना वाटतं की तिला बघायला दुसरं कुणीतरी आहे. इस्पितळात कामाला असेल, आणि घरी एकटी असेल. तिला फोन करू नका. फोनवर त्या सगळ्या मस्तच असतात. तोंड झाकून घ्या आणि जिना चढा. दार वाजवा. ती आतून “बरी आहे” म्हणाली तरी परत फिरू नका. दार उघडून ती समोर उभी राहिलेली दिसेपर्यंत वाजवत राहा.