चौथ्या गिअरमधला चढ

डॉक्टरबाईंचा जावई इंजिन बदलायचं म्हणाला, तेव्हाच माझं डोकं फिरलं. गाडीचं अंग इटालियन, लांबसडक आणि कमरेत बारीक, पण पोटात अमेरिकन व्ही-एट, आठ सिलिंडरचं दणकट इंजिन. असल्या गाड्या मुळात मोजक्याच बनल्या आणि ही कारखान्यातूनच अशी आली होती. पण जावयाचा हेका एकच: इटालियन गाडीत इंजिनही इटालियनच हवं, हे ट्रकचं धूड काढून टाका.

त्याच्याकडे कारणही होतं. डॉक्टरांचे यजमान हयात होते तेव्हा गाडी गावाबाहेरच्या घाटात दर वेळी उकळायची. एका ठरलेल्या वळणावर बॉनेट उघडून सगळे पाण्याचे डबे घेऊन उभे. माथ्यावरून दिसणारा तलाव डॉक्टरांनी या गाडीतून कधी पाहिलाच नाही. यजमान गेले आणि गाडी माझ्या गॅरेजमध्ये आली. मी इंजिन पार सुटं करून पुन्हा बांधलं, रेडिएटर साफ केला आणि छातीठोकपणे सांगितलं, "रविवारी चढवून दाखवते. नाही चढली, तर इंजिन मीच उतरवून देईन." माझं तोंड नेहमीच माझ्या पान्याच्या पुढे धावतं, पण या वेळी मला खात्री होती.

रविवारी सकाळी डॉक्टर माझ्या शेजारी बसल्या. मागची सीट म्हणजे जेमतेम दोन पर्स ठेवायची सोय. तिथे जावई गुडघे हनुवटीला लावून बसला. मला मनापासून आनंद झाला.

घाट सुरू झाला. "इथे हे गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवायचे," डॉक्टर म्हणाल्या. "इटालियन गाडी गरजत चढली पाहिजे, म्हणायचे."

मीही तसंच ठेवलं. माझा पाय जन्मभर छोट्या इंजिनांवर घडलेला. चढ दिसला की अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा, एवढंच त्याला ठाऊक. आवाज असा की रस्त्याकडेची माणसं वळून बघत होती. मी भलतीच खुशीत होते. मग तापमानाच्या काट्याकडे लक्ष गेलं, तर तो वर सरकत होता.

"झालं सुरू," जावई मागून म्हणाला. "दाबा अजून, वेग पडू देऊ नका."

मी दाबलं. काटा आणखी चढला. समोर ते वळण दिसायला लागलं. या इंजिनाचा एकेक बोल्ट मी माझ्या हातांनी बसवला होता. आता याच हातांनी तो उपसायचा?

डॉक्टर काट्याकडे बघत होत्या, दवाखान्यात थर्मामीटरकडे बघतात तशाच. "हिला धाप लागलीये," त्या म्हणाल्या. "धाप लागलेल्या पेशंटला मी पळायला सांगत नाही."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे एवढं थोरलं इंजिन, याची सगळी ताकद सावकाश चालण्यात. आणि आम्ही त्याला पळवत होतो. आधी यजमान, आता मी. मी पाय उचलला, क्लच दाबला आणि थेट चौथा गिअर टाकला.

"बंद पडेल ती," जावई ओरडला.

गाडी क्षणभर खाली बसल्यासारखी झाली. मग सीटखालून एक जाड, संथ गुरगुर आली आणि गाडी चढायला लागली. घाई नाही, आदळआपट नाही. काटा थबकला, मग हळूहळू उतरला. ते वळण आलं आणि मागे पडलं.

माथ्यावर मी गाडी थांबवली. खाली तलाव पसरला होता. डॉक्टर बराच वेळ बघत राहिल्या. डोळे भरून आले ते त्यांनी लपवले नाहीत.

"ते मला नेहमी म्हणायचे, गाडी दांडगी आहे, तुला झेपायची नाही," त्या म्हणाल्या. "त्यांनाच झेपली नाही की." आणि हसल्या.

जावई मागे पाय मोकळे करायची खटपट करत होता. "आई, उतरताना मी चालवतो. इंजिनाचं नंतर बघू."

"इंजिन आहे तिथेच राहील," डॉक्टर म्हणाल्या आणि माझ्यापुढे हात केला. मी किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि जागा द्यायला खाली उतरले.

"आणि जावईबापू," स्टीअरिंगमागे बसत त्या म्हणाल्या, "तुम्ही मागेच बसा."